मालूला उचलायचं कोण?

सकाळी उठल्यावर ज्यांच्या हाताची मूठ वळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही, पण त्यांना यातलं निम्मं खोटं वाटेल. मला स्वतःलाही वाटलं असतं. हातपाय धड असलेल्या माणसाला चमचा उचलण्यात एवढं काय, हे कळणं कठीणच असतं.

मी लेखिका वगैरे नाही. अंबरनाथला कारखान्याच्या चाळीत राहते. आमचे हे कारखान्यात फिटर आहेत आणि सासूबाई आमच्याजवळ असतात. माझी बोटं वाकडी झाली आहेत, त्यामुळे एक पान लिहायला अख्खी दुपार जाते. शेजारणी म्हणतात, कशाला एवढा त्रास करून घेतेस? मी म्हणते, अंथरुणाला खिळले होते तेव्हा माझ्यासारखीच एखादी बाई काय सांगते हे वाचायला मिळालं असतं, तर रोज सकाळी उठून देवाशी भांडण तरी झालं नसतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच आशेनं शेवटपर्यंत वाचत बसायला नको. मी ठणठणीत बरी झालेली नाही. वज्रेश्वरीच्या गरम पाण्यानंसुद्धा झाले नाही. तरी त्या पाण्याचे माझ्यावर उपकार आहेत, ते कसे तेवढं सांगते.

कुंचीची नाडी

माझी मालू तेव्हा चार-पाच महिन्यांची होती. एके सकाळी तिला न्हाऊमाखू घालून कुंची घातली आणि नाडी बांधायला गेले, तर बांधताच येईना. बोटं सुजून टम्म झालेली. मला वाटलं रात्री हाताखाली हात आला असेल. दुसऱ्या दिवशी मनगटं धरली. पुढच्या महिन्यात गुडघे. मग असं झालं की सकाळी अंथरुणातून उठायचं म्हणजे मी आधी आढ्याकडे बघून पोटभर रडून घ्यायची आणि मग कुशीवर वळायची.

सासूबाईंनी आजाराला नावही देऊन टाकलं. बाळंतवात! "सांगितलं होतं ना, थंड पाण्यात हात घालू नकोस? पण नाही, राणीसाहेबांना दुपटी स्वच्छ हवीत!" बाळंतपणात एकदा, फक्त एकदा, मी नळावर मालूची दुपटी धुतली होती. ती दुपटी माझ्या पुढं वर्षभर वाळत घातली गेली. कोणी बघायला आलं की सासूबाई आधी दुपट्यांची गोष्ट सांगायच्या आणि मग चहा टाकायच्या.

मग उपचार सुरू झाले. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडेल, लसणाचं तेल, वर लोकरीच्या पट्ट्या. पाणी वर्ज्य. अंघोळ म्हणजे ओल्या फडक्यानं पुसणं, तेही दारं-खिडक्या लावून. माझ्या अंगाला इतका वास यायचा की मालूला जवळ घेतली की ती नाक मुरडायची. एवढंसं पोर, पण नाक कसं मुरडावं ते बरोबर ठाऊक!

आणि एक दिवस तिला पाळण्यातून काढताना माझं मनगटच सुटलं. खाली चादरींचा ढीग होता म्हणून निभावलं. तिला खरचटलंसुद्धा नाही. पण मी त्या ढिगाशेजारी बसले ती संध्याकाळपर्यंत उठले नाही. त्या दिवसापासून मालूला उचलणं मी बंद केलं. ती हात वर करायची आणि मी म्हणायची, "आजीकडे जा हं."

डॉक्टरांकडे

कारखान्याच्या दवाखान्यातून आम्हाला उल्हासनगर कॅम्पातल्या इस्पितळात पाठवलं. हे, मी आणि सासूबाई. डॉक्टर तरुण होते, चष्मा सारखा घसरत होता. त्यांनी एकेक सांधा दाबून पाहिला. त्यांनी दाबला की मी ओरडायची, मी ओरडले की सासूबाई ओरडायच्या, "अहो, जरा हळू!"

शेवटी ते म्हणाले, हा सांध्यांचा जुनाट आजार आहे, कधी चढेल, कधी उतरेल.

"बाळंतपणात थंड पाण्यात हात घातला हो हिनं," सासूबाईंनी सुरुवात केली.

"आजी, थंड पाण्यानं हा आजार होत नाही."

"मग कशानं होतो?"

"ते आम्हालाही अजून नीट ठाऊक नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की या माणसाला पगार कोण देतं! ह्यांनी विचारलं, बरी होईल ना? डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही. ह्यांना हायसं वाटलं, पण मला नाही. जिवाला धोका नाही असं आपणहून कोणी सांगतं तेव्हा बाकी पुष्कळ काही गेलेलं असतं. मी विचारलं, "मुलीला उचलता येईल का?"

त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "सध्या नको."

टांग्यातून स्टेशनाकडे येताना सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. आता पुन्हा दुपट्यांची गोष्ट निघणार म्हणून मी तयारच होते. मग त्यांनी माझा सुजलेला हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "मी उगाच बोलत होते गं तुला." एवढंच. दुपट्यांची गोष्ट त्या दिवशी संपली. आजार कळल्यानं मी खचले खरी, पण तो माझ्या हातानं झालेला नाही हे कळल्यानं जो मोकळा श्वास मिळाला तो मी विसरणार नाही. तुमच्या घरीही कोणी तुम्हाला असंच काही ऐकवत असेल तर त्यांना डॉक्टरांसमोर घेऊन जा.

बराकीतला वॉर्ड

पुढच्याच आठवड्यात मला त्या इस्पितळात ठेवून घेतलं. मालूला कुठं ठेवायचं हा प्रश्न आला, कारण सासूबाईंना दिवसभर इकडून तिकडं धावपळ होती. माझ्या नणंदबाई, आमच्या वन्सं, बदलापूरला असतात. भातशेती आहे, दोन म्हशी आहेत, मूलबाळ नाही. त्या स्वतःहून आल्या, मालूला कडेवर घेतलं, तिची दुपटी पिशवीत भरली आणि मला म्हणाल्या, "तू बरी हो. बाकीचं माझ्यावर सोड." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते कृतज्ञतेचं होतं. मत्सराचं पाणी पुढं आलं.

इस्पितळ म्हणजे लढाईच्या वेळच्या मिलिटरीच्या बराकी. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना खाटा, दुपारी छप्पर असं तापायचं की सिस्टरसुद्धा पदरानं वारा घ्यायची. उजाडायच्या आधी थर्मामीटर, मग चहा, मग झाडू, मग डॉक्टर, मग गोळ्या, मग नुसती वाट बघणं. चार वाजता भेटायला येणारी माणसं येत. घड्याळ नसलं तरी चार वाजत आले की बायका केस सारखे करायला लागत, त्यावरून कळायचं.

माझ्या शेजारच्या खाटेवर ईश्वरीबाई होत्या. सिंधी, कॅम्पातच राहणाऱ्या, खुब्याचं हाड मोडलेल्या, आवाज असा की बराकीच्या दुसऱ्या टोकाला सिस्टर दचकायची. पहिल्या दिवशी मी तोंड फिरवून रडत होते तर म्हणाल्या, "अरी, रो ले, रो ले. बस डॉक्टर के सामने मत रोना. नया लड़का है, डर जाएगा."

मला हसू आलं. रडता रडता हसू आलं की छातीत दुखतं, पण बरं वाटतं.

त्यांची सून रोज कोकी आणायची, म्हणजे जाड, कांदा घातलेली, तुपावर भाजलेली पोळी. ईश्वरीबाई तिचे तुकडे करून माझ्या तोंडात घालायच्या. माझे केसही त्याच विंचरायच्या. "मेरा पाँव टूटा है, हाथ नहीं. तेरा हाथ बिगड़ा है, पाँव..." मग माझ्या गुडघ्यांकडे बघून म्हणायच्या, "वो भी बिगड़ा है. चल, बाल ला इधर." त्या आपली खाट सिस्टरकडून माझ्या खाटेला लावून घ्यायच्या आणि पडल्या पडल्या माझी वेणी घालायच्या. इतकी वाकडी वेणी मी जन्मात मिरवली नव्हती. पण कुणाचा तरी हात औषधाशिवाय आपल्या अंगाला लागतो, याचं केवढं सुख असतं ते आजारी माणसाला विचारा.

आणि आमचे हे. बोलायला शिकलेच नाहीत बिचारे. चार वाजता यायचे, स्टुलावर बसायचे, "बरं आहे?" विचारायचे आणि मग छपराकडे बघत राहायचे. एकदा खिशातून एक चमचा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. त्याला कानशीची लाकडी मूठ बसवलेली होती, चांगली जाडजूड. बोटं मिटत नसली तरी तळव्यात राहील अशी. "बघ बरं धरता येतो का." धरता आला. मी स्वतःच्या हातानं वरण-भात खाल्ला, निम्मा साडीवर सांडला. हे बघत होते. जाताना दारातून परत आले आणि म्हणाले, "मूठ अजून जाड करू का?"

बदलापूर

तीन-चार महिन्यांत गोळ्यांनी सूज उतरली. भिंत धरून चालता यायला लागलं. घरी आले आणि पहिल्या रविवारी आम्ही बदलापूरला गेलो.

मालू अंगणात होती. म्हशीच्या दुधावर गरगरीत झालेली, पायांत वाळे, गालाला गूळ. मी म्हटलं, "मालू, ये." ती पळाली. वन्संच्या पदरामागे गेली आणि तिथून एक डोळा काढून मला बघायला लागली.

"अगं, जा ना, आई आहे ती," वन्संचा चेहरा गोरामोरा झाला. "रोज सांगते हो मी तिला. अंबरनाथला आई आहे, अंबरनाथला आई आहे. पण पोरीला काय कळतं, अंबरनाथ म्हणजे काय!"

त्या खरं बोलत होत्या. वाईट असत्या तर सोपं झालं असतं, मनातल्या मनात चार शिव्या तरी दिल्या असत्या. पण वन्सं देवमाणूस. त्यांनी माझ्यासाठी उकडीचे मोदक केले होते, ते मला खाववेनात.

असे महिने गेले. माझे हात थोडे सुधारायचे, पुन्हा धरायचे. मालूला घरी आणायचं म्हटलं की सासूबाई विचारायच्या, "आणू गं, पण मालूला उचलायचं कोण? मी सत्तरीला आले." त्या टोमणा मारत नव्हत्या, खरोखरच विचारत होत्या.

एके दिवशी त्याच म्हणाल्या, "पोर दोन घरांत लोंबकळत ठेवू नये. काय ते एकदा ठरवा." हे जेवत होते, त्यांचा हात थांबला. मीच म्हटलं, "वन्संच्या ओटीत घालू तिला." ओटीत घालणं म्हणजे देवासमोर, चारचौघांसमोर, आपलं मूल दुसरीच्या पदरात ठेवायचं. एकदा ठेवलं की ते तिचं. आपण मामी, काकू जे काय असू ते. हे ताटावरून उठले आणि मोरीत हात धूत बसले, किती वेळ ते धूतच होते.

सासूबाईंनी वज्रेश्वरीला नवस बोललेला होता, सून चालायला लागली की तिला कुंडात बसवून दर्शनाला आणीन. तोच दिवस धरायचं ठरलं. आधी अकलोलीच्या गरम कुंडांत अंघोळ, मग देवळात जाऊन ओटी. ज्या बाईनं मला वर्षभर पाण्याला शिवू दिलं नाही तीच आता म्हणत होती, "ते देवीचं पाणी, जमिनीतून तापून येतं, ते बाधत नाही." डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ताप नसेल तर बसा, फार कढत नको, फार वेळ नको. सासूबाई म्हणाल्या, "बघा, आता आला शहाणपणा त्याला."

कुंड

कल्याणच्या मोटार स्टँडवर वन्सं मालूला घेऊन भेटल्या. भिवंडीमार्गे वज्रेश्वरी. एसटी खड्ड्यात गेली की माझे सगळे सांधे वेगवेगळे ओरडत होते. मालू वन्संच्या मांडीवर खिडकीतून डोंगर बघत होती. सासूबाईंच्या मांडीवर परडी होती. तिच्यात नारळ, तांदूळ, हळद-कुंकू, सुपारी आणि हिरवा खण. तो खण कुणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून परडीकडे कोणी बघत नव्हतं.

अकलोलीला नदीकाठी डोंगराच्या पायथ्याशी ती कुंडं आहेत. दगडी बांधलेली, वर वाफ, आणि आगपेटी ओढल्यावर येतो तसा गंधकाचा वास. एका कुंडात हात घालवत नव्हता. तिथं बायका फडक्यात तांदूळ बांधून सोडत होत्या, त्याचा भात होतो. वन्संनीही एक पुरचुंडी सोडली. पलीकडच्या, भिंत घातलेल्या कुंडात अंघोळीच्या पाण्याएवढं गरम पाणी होतं आणि तिथं बायका नऊवारीनिशी बसल्या होत्या.

उतार निसरडा होता. मी दोन पावलं टाकली आणि थांबले. ह्यांनी काही न बोलता मला उचललं. भर दिवसा, चारचौघांत!

"अरे, अरे, लोक काय म्हणतील!" सासूबाई कासावीस झाल्या.

"म्हणू दे. त्यांना म्हणावं, तुम्ही उचला."

मी लाजेनं तोंड त्यांच्या खांद्यात घातलं. भिंतीपाशी त्यांनी मला उतरवलं आणि पाठ फिरवून उभे राहिले. पुढं वन्सं आणि सासूबाईंनी धरून मला पायरी पायरीनं आत नेलं.

पाणी कमरेला आलं, छातीला आलं, गळ्याला आलं. आणि बाई गं, काय सांगू! दुखायचं थांबलं. गुडघे, घोटे, मनगटं, सगळी एकदम गप्प. इतके महिने मी माझं अंग ओढत होते, ते तिथं कुणीतरी दुसऱ्यानं धरलं. मी ढसाढसा रडले. दुखतं म्हणून तर रोजच रडायची, त्या दिवशी दुखत नव्हतं म्हणून रडले. शेजारच्या बायकांनी विचारलं, चटका बसला का?

सासूबाई परडीजवळ जाऊन बसल्या. वन्सं मालूला घेऊन पाण्यात उतरल्या. मालू आधी किंचाळली, मग तिला कळलं की पाय हापटले की पाणी उडतं, आणि मग काय विचारता! वन्सं तिला धरून माझ्या बाजूला आल्या. तेवढ्यात त्यांचा पदर सुटून पाण्यावर तरंगायला लागला. पलीकडे भिंतीवरून एक म्हातारा डोकावत होता. वन्सं गडबडल्या आणि सवयीनं, काही विचार न करता, म्हणाल्या, "धर गं हिला जरा!"

आणि मालू माझ्याकडे दिली.

मला धरता येत नाही हे त्या विसरल्या. मीही विसरले. बोटांनी नाही धरलं, बोटं काय धरणार! दोन्ही हात कोपरापर्यंत तिच्याखाली घातले. तिला काही वजनच नव्हतं. पाणी तिला उचलत होतं, मी फक्त होते. मालूनं माझ्याकडे बघितलं, ओठ काढला, आता रडणार असं वाटलं. मी घाबरून तिला जरा वर केलं आणि खाली सोडलं. पाणी उडालं. ती हसली.

"अजून," ती म्हणाली.

मी अजून केलं. ती "अजून" म्हणत राहिली, मी करत राहिले. तिनं माझं मंगळसूत्र मुठीत धरलं, म्हणजे मी कुठं जाऊ नये. मी तिच्या मानेचा वास घेतला. गंधकाचा येत होता, पण त्याखाली तिचा स्वतःचा होता. तो मी ओळखला.

वन्संनी पदर खोचला आणि हात पुढं केले. मग ते हात त्यांनी तसेच पाण्यात सोडले. त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

"पुरे आता, बाधेल!" सासूबाईंनी हाक मारली. मी मालूला घेऊनच पायरीकडे वळले. पहिल्या पायरीवर तिचं वजन आलं, दुसऱ्या पायरीवर माझे हात उघडले. वन्संनी तिला वरच्यावर झेललं. पाण्याबाहेर माझे हात होते तसेच होते.

गंधकाच्या वासाचा तो भात आम्ही नदीकाठी मीठ लावून खाल्ला. मालूला फार आवडला.

देवळाच्या पायऱ्या

वज्रेश्वरीचं देऊळ टेकाडावर आहे, किल्ल्याला असाव्या तशा पायऱ्या आहेत. मी खालच्या पायरीवर बसले. हे पुन्हा मला उचलायला वाकले.

"थांबा," मी म्हटलं.

"काय झालं?" सासूबाई दोन पायऱ्या वर गेल्या होत्या, परडी घेऊन.

वन्संकडे बघवत नव्हतं. ज्या बाईनं माझं पोर जगवलं, तिला मी ऐन देवीच्या दारात नाही म्हणणार होते. पण आत्ता गप्प बसले तर जन्मभर गप्पच बसावं लागणार होतं.

"सासूबाई, मी मालूला देणार नाही."

मग सासूबाई खाली उतरून आल्या. "अगं, मग इतके दिवस... आणि मालूला उचलायचं कोण? रोज काय कुंडात नेऊन बसवायची आहे तिला?"

"नाही उचलणार. मी खाली बसेन. ती चालते आता, तिला चढता येतं. मी खाली बसले की ती येईल माझ्याकडे."

"आणि नाही आली तर?"

"नाही आली तर बसून राहीन. मला कुठं जायचंय?"

वन्सं मालूला कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मला ती हवी आहे," त्या म्हणाल्या. "देवीच्या दारात खोटं कशाला बोलू? फार हवी आहे. काल मी तिच्यासाठी पाटल्या मोडायचं ठरवत होते, हिचे तोडे करायला." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "पण सकाळी मोटारीत ती माझ्या मांडीवर होती आणि तिची एक चप्पल पडली. ती तू पायानं ओढून घेतलीस आणि दोन्ही मनगटांत धरून बसलीस. भिवंडी आलं, वज्रेश्वरी आली, तू ती चप्पल खाली ठेवली नाहीस. तेव्हापासून मला बसवत नव्हतं गं."

मी मालूच्या पायांकडे बघितलं.

"मी येत जाईन," वन्सं म्हणाल्या. "न्हाऊ घालायला येईन, उचलायला येईन. कंटाळलीस, हाकललंस, तरी येईन."

"वन्सं, हाकलीन कशी हो तुम्हाला..."

"बरं, रडू नकोस, मग मीही रडेन. पदर पसर."

मी पदर पसरायला गेले, पण टोकं बोटांत राहीनात. सासूबाई माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. कुरकुरल्या, "ह्या वयात काय काय बघायचं ठेवलंय देवानं," आणि पदराची दोन्ही टोकं त्यांनी स्वतःच्या हातांत धरली. वन्संनी मला हळद-कुंकू लावलं. ओंजळीनं तांदूळ घातले, सुपारी घातली, नारळ ठेवला, वर तो हिरवा खण ठेवला. येणारे-जाणारे बघत होते. मग त्यांनी मालूचा मुका घेतला, जरा जास्तच वेळ घेतला, आणि तिला माझ्या ओटीत बसवली.

मालू उठून पळणार असं वाटत होतं. तिनं एकदा वन्संकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग बुडाखाली नारळ टोचला म्हणून दोन्ही हातांनी तो ढकलून दिला. नारळ टणाटणा उड्या मारत रस्त्यावर गेला. हे त्याच्यामागे धावले. एरवी सासूबाईंनी अपशकून म्हणून डोकं धरलं असतं, त्या दिवशी त्यांनी पदराची टोकं सोडली नाहीत.

जागा झाल्यावर मालू तांदळात नीट मांडी घालून बसली आणि एकेक दाणा उचलून माझ्या तोंडात घालायला लागली. पाण्यातून बाहेर आल्याला बराच वेळ झाला होता. तिचं सगळं वजन माझ्या गुडघ्यांवर होतं आणि गुडघे असे ठणकत होते की डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. मी तिला ऊठ म्हटलं नाही.